फॉरमॅटिंग पुसणं वेगळं, युनिकोड करणं वेगळं

"भाऊ, पेस्ट केलं अन् आख्खं इंग्रजी व्हई गयं!" जळगावात प्रबंध टाइप करून देतो, त्यामुळे हे वाक्य नेहमी कानावर पडतं. आणि खापर दरवेळी पेस्टवर फुटतं.

पेस्टचं तुम्हाला ठाऊकच आहे. नेटवरून आलेला रंग, ठळकपणा, फॉन्ट म्हणजेच फॉरमॅटिंग नको असेल तर वर्डमध्ये पेस्ट करताना 'फक्त टेक्स्ट' घ्या. आधीच पेस्ट झालं असेल तर निवडून कंट्रोल-स्पेस, लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल-एम. झालं.

घोळ पुढे आहे. कृती देव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर साठत नाही. साठतात ई, जे, के, बी, एच ही 5 इंग्रजी अक्षरं, त्यातलं बी कॅपिटल. फॉन्ट त्यांना म, र, काना, ठ आणि वेलांटी असं दाखवतो. म्हणजे इथे फॉन्ट हीच मराठी. फॉरमॅटिंग पुसलं की तोही जातो आणि खालची इंग्रजी उघडी पडते. युनिकोड या पद्धतीत मात्र म ला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तिथे फॉन्ट गेला तरी म हा मच राहतो.

मंगल हा युनिकोडचा फॉन्ट निवडला म्हणजे युनिकोड झालं, हे डोक्यातून काढाच. इंग्रजी अक्षरांना मंगल लावला तरी ती इंग्रजीच.

आता क्रम. रावेरकडच्या एका विद्यार्थिनीचा केळीवरचा प्रबंध होता. मराठी कृती देवमध्ये आणि 'म्युसा' हे शास्त्रीय नाव टाइम्स न्यू रोमनमध्ये, इंग्रजीत. तिने आधी सगळं फॉरमॅटिंग साफ केलं, मग कृती देवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकलं. प्रत्येक म्युसाचं 'डनें' झालं! कृती देवमध्ये कॅपिटल एम म्हणजे ड, यू म्हणजे न, एस म्हणजे मात्रा, ए म्हणजे अनुस्वार. खरी इंग्रजी कुठली, हे फक्त फॉन्टवरून कळत होतं आणि तेच तिने पुसलं होतं.

म्हणून आधी युनिकोड, मग साफसफाई. वर्डच्या फाइंडमध्ये फॉरमॅटखाली कृती देव फॉन्ट द्या, तेवढाच मजकूर निवडून कन्व्हर्ट करा, इंग्रजीला हात लावू नका. आणि मूळ फाइल जपा. तिची मेलमध्ये सापडली, म्हणून एका संध्याकाळीत काम निभावलं.