भिंतीतील प्रवाळ मत्स्यालय

घराच्या भिंतीत किंवा दोन खोल्यांमधील दुभाजकात कायमची बसवलेली, जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे एकत्र वाढवण्यासाठीची खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिला जोडलेली यंत्रणा आणि या दोहोंना सामावून घेणारे बांधकाम यांना मिळून भिंतीतील प्रवाळ मत्स्यालय म्हणतात. बैठकीच्या खोलीतून तिची केवळ दर्शनी काच दिसते. स्टँडवरची टाकी हलवता किंवा बदलता येते. भिंतीतील टाकी मात्र इमारतीचाच भाग होते, आणि म्हणूनच तिचे यशापयश पाणी भरण्याच्या बरेच आधी, आराखडा आखतानाच मोठ्या प्रमाणात ठरून जाते.

घरात प्रवाळ जगवण्याचे प्रयत्न जुने आहेत. ॲना थिन यांनी १८४६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणून काचेच्या भांड्यांत जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जात असे. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (जीवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्रातील खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणारी पद्धत मांडली. पुढे जर्मनीतील हौशी पालकांनी जिवंत खडक, प्रथिने वेगळी काढणारा स्किमर, प्रखर प्रकाश आणि जोरदार प्रवाह यांची जी सांगड घातली ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आजच्या बहुतेक मोठ्या टाक्यांच्या मुळाशी हीच पद्धत आहे.

पहिला प्रश्न वजनाचा असतो. २.४ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत १,३५० लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता सुमारे १.०२५ असल्याने त्या पाण्याचेच वजन १,३८० किलोच्या घरात जाते. काच, खडक, वाळू आणि चौकट धरली तर सुमारे दोन टनांचा भार १.८ चौरस मीटर जागेवर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला अकराशे किलोंच्या आसपास. राहत्या घराचा स्लॅब सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास चल भार (माणसे आणि सामान यांचे वजन) गृहीत धरून आखलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय अशी टाकी बसवणे धोक्याचे आहे. टाकी तुळयांना काटकोनात आणि भारवाहक भिंतीलगत आली तर भार अनेक तुळयांवर वाटला जातो. तळमजल्यावर, थेट जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटवर ती असणे सर्वांत निर्धोक. ज्या भिंतीत टाकी बसवायची ती स्वतः भारवाहक असेल, तर काचेच्या वर लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, घालून भिंतीचा भार बाजूंना उतरवावा लागतो. भिंतीचे वजन काचेवर कधीही येता कामा नये.

काचेची जाडी मुख्यतः पाण्याच्या उंचीवरून ठरते. वरील टाकीच्या दर्शनी काचेवर पाण्याचा एकूण दाब सुमारे ६९० किलोंच्या वजनाइतका असतो. उंची दुप्पट केली तर तो चौपट होतो. म्हणून उंच टाकीपेक्षा रुंद टाकी केव्हाही श्रेयस्कर. तिच्यात खडकांची रचना खोलवर मांडता येते आणि तळापर्यंत हातही पोहोचतो. दर्शनी बाजूस लोहाचे प्रमाण कमी असलेली काच वापरल्यास हिरवट झाक टळते.

टाकीमागची यंत्रखोली हा या रचनेचा खरा प्राण आहे. जागा वाचवण्यासाठी तिच्यावरच कात्री चालवली जाते, आणि ही काटकसर पुढे सर्वांत महाग पडते. टाकीच्या वर निदान अर्धा मीटर मोकळी जागा, मागे माणूस उभा राहून दोन्ही हातांनी काम करू शकेल एवढी रुंदी, उताराची जलरोधक फरशी, तिच्यात सांडपाण्याची जाळी, नळ आणि सिंक या गोष्टी हव्यातच. ज्या टाकीत हात घालणे कष्टाचे, तिची साफसफाई लांबणीवर पडते.

टाकीतील पाणी वरच्या काठावरील सांडव्यातून खालच्या किंवा मागच्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, उतरते. तेथे स्किमर, गाळण आणि हीटर असतात आणि पंप ते पाणी पुन्हा वर पाठवतो. सांडव्याला एकच नळी असणे जोखमीचे असते, कारण एखादी गोगलगाय किंवा शेवाळाचा पुंजका तोंडाशी अडकला की पंप वर पाणी ढकलत राहतो आणि टाकी ओसंडते. म्हणून एक पूर्ण भरून वाहणारी, दुसरी किंचित वाहणारी आणि तिसरी एरवी कोरडी राहणारी, अशा तीन नळ्यांची व्यवस्था मोठ्या टाक्यांत सुरक्षित मानतात. वीज गेली की प्रवाह उलटतो. वरील टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की १८ लिटर पाणी खाली येते. परतीच्या नळीचे तोंड पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटर असेल तर सायफन (नळीतून आपोआप ओढला जाणारा उलटा प्रवाह) तुटेपर्यंत १८० लिटर पाणी सम्पमध्ये शिरते. नळीला भोक पाडून सायफन तोडण्याची युक्ती प्रचलित आहे, पण ते भोक शेवाळाने बुजते. तोंड पृष्ठभागालगत ठेवणे आणि सम्पमध्ये तेवढी जागा कायम रिकामी राखणे हाच भरवशाचा उपाय. पाणी भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून ही पातळी पाहिल्याशिवाय एकही प्राणी आत सोडू नये.

एवढ्या पृष्ठभागावरून हवामानानुसार दिवसाला दहा-वीस लिटर पाणी उडून जाते. बंदिस्त यंत्रखोलीत ही वाफ भिंतींत मुरते, जिप्सम बोर्ड फुगतो, बुरशी धरते आणि खारे तुषार बसून खिळे-बिजागऱ्या गंजतात. आर्द्रता वाढताच आपोआप सुरू होणारा, थेट बाहेर हवा सोडणारा पंखा, जलरोधक रंग आणि स्टेनलेस स्टीलची किंवा प्लास्टिकची जोडसामग्री यांचा खर्च सुरुवातीलाच धरावा. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करतात, कारण मीठ टाकीतच राहते. विजेची सॉकेट पाण्याच्या पातळीच्या वर आणि बाजूला असावीत, प्रत्येक तार सॉकेटच्या खाली झोळ घेऊन वर यावी आणि सर्व जोडण्या गळती प्रवाह ओळखणाऱ्या ब्रेकरवर असाव्यात. निदान एक प्रवाहपंप बॅटरीवर चालेल अशी सोय हवी. वीज गेल्यावर आधी ऑक्सिजनच संपतो.

पाणी आरओ आणि उरलेले क्षार काढणाऱ्या डीआयोनायझरमधून शुद्ध करून त्यात समुद्री मीठ मिसळतात. लवणता दर हजारी ३५ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवतात. वरील टाकी पहिल्यांदा भरण्यास सुमारे ५० किलो मीठ लागते. खडकांवरील जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करू लागेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. प्रवाळांना त्यानंतरही थांबावे लागते. घाईने भरलेल्या टाकीत आधी शेवाळच फोफावते.

दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा रचतात आणि त्यासाठी पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट सतत शोषून घेतात. कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातील कार्बोनेटांचे माप, ७ ते ११ जर्मन अंश या मर्यादेत ठेवतात. ही भर चुन्याच्या निवळीने, ठरलेल्या मात्रेत द्रावण सोडणाऱ्या डोसिंग पंपाने किंवा कॅल्शियमयुक्त खडी विरघळवणाऱ्या कॅल्शियम रिॲक्टरने घातली जाते. नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर असणे अधिक महत्त्वाचे: अल्कलिनिटी एका दिवसात दोन-तीन अंशांनी हलली की ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाच्या फांद्यांवरील ऊती टोकांपासून करपू लागतात आणि पांढरा सांगाडा उघडा पडतो. प्रवाळांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावरच अन्न तयार करते, म्हणून प्रखर प्रकाश लागतो; त्यासाठी आता मुख्यतः एलईडी वापरतात.

नवे मासे काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे अपरिहार्य आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री रोग तांब्याच्या औषधाने बरा होतो, पण तेच तांबे प्रवाळांना आणि कोळंब्यांना मारक ठरते, त्यामुळे मुख्य टाकीत ते घालता येत नाही. या वेगळ्या टाकीची जागाही यंत्रखोलीतच धरावी.

सर्व दगडी प्रवाळ साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि काही देशांचे कायदे त्याहून कडक आहेत, म्हणून बांधकामाला हात घालण्यापूर्वीच कायदेशीर बाजू तपासावी. जिथे परवानगी आहे तिथेही समुद्रातून तोडलेल्या वसाहतींऐवजी टाकीत वाढवलेले तुकडे घ्यावेत. असे तुकडे टाकीच्या पाण्याला आणि प्रकाशाला सरावलेले असल्याने चांगले तगतात, शिवाय प्रवाळभित्तीवरचा भारही वाढत नाही. निरोगी टाकीत काही वर्षांनी प्रवाळ एकमेकांवर सावली धरू लागतात, त्यांची छाटणी करावी लागते आणि तेच तुकडे दुसऱ्या पालकाकडे जातात.