तीन गोळ्यांच्या पट्टीतला नायट्रोजन

मेडिकलमध्ये ‘ॲझी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा तीन गोळ्यांची पट्टी हातात पडते. रोज एक, तीन दिवसांत कोर्स संपला. बाकीची अँटिबायोटिक्स आठवडाभर, दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागतात. मग ॲझिथ्रोमायसिनचं एवढ्यावर कसं भागतं?

त्याची आई, म्हणजे ज्या औषधात बदल करून ते बनलं ते, एरिथ्रोमायसिन. १९४९ साली फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतातून डॉ. अबेलार्डो अग्विलार यांनी मातीचा नमुना अमेरिकेत एली लिली कंपनीला पाठवला. त्या मातीतल्या जिवाणूनं बनवलेलं हे औषध १९५२ मध्ये बाजारात आलं. चौदा अणूंचं मोठं कडं आणि त्याला लटकलेल्या दोन साखरा, अशी त्याची घडण. जिवाणूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, नवं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर सरकतं, तिथंच हा रेणू ठाण मांडतो. प्रथिनाची साखळी जरा वाढते आणि अडकते.

पण जठरातल्या आम्लापुढे तो टिकत नाही. कड्यावरचा एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) समोरच्या कीटोनला (कार्बनला दुहेरी बंधानं जोडलेल्या ऑक्सिजनला) जाऊन चिकटतो, आणि औषध निकामी होतं. शिवाय पोटात मुरडा येतो तो वेगळाच.

१९८० मध्ये आजच्या क्रोएशियातल्या झाग्रेबच्या प्लिवा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी नेमका तो कीटोनच काढून टाकला. बेकमन पुनर्रचना नावाची अणूंची जागा बदलणारी अभिक्रिया वापरून कड्यात एक नायट्रोजन बसवला, त्यावर मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चढवला. हेच ॲझिथ्रोमायसिन. कडं पंधरा अणूंचं झालं. किती नेमकं काम! आम्लाचा त्रास तर टळलाच, पण या नायट्रोजनामुळे रेणू पेशींच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यांत शिरून तिथं अडकून राहू लागला. पांढऱ्या पेशी तो थेट संसर्गाच्या जागी वाहून नेतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६८ तासांचं, म्हणून तिसरी गोळी संपल्यावरही औषध कित्येक दिवस काम करत राहतं.

पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर, घाव घालतं. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला ती भिंतच नसते, त्यामुळे त्याच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही. तिथं ॲझिथ्रोमायसिन कामी येतं. टायफॉइडवर ते देतात, आणि डोळ्यांच्या खुपऱ्यांवर तर एकच डोस पुरतो.

सर्दीच्या विषाणूकडे मात्र स्वतःचा रायबोसोमच नसतो, त्यामुळे तिथं औषधाला धरायला काही सापडत नाही. सर्दीत ते घेतलं, तर त्या दिवसांत ते भेटतं घशातल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंना. त्यांच्यापैकी काहींकडे एक विकर (एन्झाइम) असतं: औषध रायबोसोमच्या ज्या ॲडेनिन नावाच्या घटकाला धरतं, त्यावर हे विकर मिथाइल गट चिकटवतं. मग औषधाला तिथं बसताच येत नाही, असे जिवाणू तगून वाढतात, आणि पुढच्या न्यूमोनियात हीच पट्टी कुचकामी ठरू शकते.