कोझी मिस्ट्री

कोझी मिस्ट्री म्हणजे मनाला ताण न देणारी, हलकीफुलकी रहस्यकथा. खून यातही होतो, पण पडद्याआड. रक्ताची, छळाची वर्णने नसतात आणि शृंगार सूचकच असतो. तपास करणारी व्यक्ती सहसा पोलिसांतली नसते. ती बेकरी चालवते, ग्रंथालय सांभाळते किंवा नुकतीच निवृत्त झालेली असते. कथा घडते ती सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात. हे नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. प्रकार त्याहून जुना आहे.

त्याची मुळे दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडमध्ये सापडतात. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल डिसेंबर १९२७ मध्ये एका मासिकातल्या कथेतून प्रथम वाचकांना भेटली. सेंट मेरी मीड गावातल्या तिच्या घरी पाहुणे जमले आहेत. त्यांत तिचा लेखक भाचा आहे, स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त आहेत. काळ्या ब्रोकेडच्या पोशाखातली मार्पलबाई शेकोटीपाशी पांढरी लोकर विणत बसली आहे. न उलगडलेल्या रहस्यांचा विषय निघतो आणि तिला आठवते काय, तर शेजारच्या एका बाईंनी घेतलेली कोळंबी घरी पोचेपर्यंत कुठे गेली ते! पाहुण्यांना हे क्षुल्लक वाटते. पुढे खुनाचा उलगडा मात्र तीच करते, तोही गावातल्या एका जुन्या भानगडीची आठवण काढून. या साऱ्या प्रकाराचा जीव त्या कोळंबीत आहे. घरगुती बारकावे टिपणारी म्हातारी नजर इथे सर्वांत तीक्ष्ण ठरते.

अशा पुस्तकांनी जिवाला बरे वाटते ते मृत्यू टाळल्यामुळे नव्हे. विस्कटलेली घडी शेवटी बसणार, ही खात्री पहिल्या पानापासून असते. शिवाय पुढच्या भागात तीच माणसे, तेच चहाचे दुकान पुन्हा भेटते. आजारपणातून उठताना किंवा झोप उडालेल्या रात्री ही ओळखच हवी असते. कोडे किती अवघड आहे याला तेव्हा फारसे महत्त्व नसते.

अमेरिकेत १९८४ ते १९९६ चाललेल्या ‘मर्डर, शी रोट’ या दूरचित्रवाणी मालिकेने ही गोडी घरोघरी नेली. तिथल्या कादंबऱ्यांत पुढे मांजरे आली, विणकामाची दुकाने आली, प्रकरणांमधून केकच्या पाककृतीही आल्या. १९८९ पासून वॉशिंग्टन परिसरात भरणाऱ्या ‘मॅलिस डोमेस्टिक’ संमेलनात या परंपरेतल्या लेखनाला ख्रिस्तीच्या नावाचे पुरस्कार दिले जातात.

निवड करताना मुखपृष्ठावर विसंबू नये. चहाची किटली आणि मांजर पाहून घेतलेले पुस्तक आतून काळोखे निघू शकते. पहिले प्रकरण वाचावे: मृतदेहाचे वर्णन किती ओळी चालते आणि मृताबद्दल आपल्याला किती माया लावली जाते, यावरून पुढचा अंदाज येतो. हसायचे असेल तर एम. सी. बीटनची ॲगाथा रेझिन (१९९२ पासून) घ्यावी. लंडन सोडून खेड्यात आलेली ही बाई स्पर्धेत विकतची किश (अंड्याचे सारण भरलेला खारा पाय) आपली म्हणून मांडते आणि ती खाऊन परीक्षकच मरतो. खून अजिबात नको असेल तर अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची बोत्स्वानातली गुप्तहेर मा रामोत्स्वे (१९९८ पासून) बरी. हरवलेली माणसे आणि संशयी नवरे-बायका हेच तिचे मुख्य काम. लुईझ पेनीच्या थ्री पाइन्स गावाची ऊब खरी आहे, पण त्या मालिकेतले पुढचे काही भाग बरेच गडद होतात. मालिका शक्यतो क्रमाने वाचावी. गुन्हा प्रत्येक भागात सुटतो, नात्यांची गोष्ट मात्र पुढे चालूच राहते.

मुंबईही या नकाशावर आहे. वसीम खान या ब्रिटिश लेखकाच्या २०१५ च्या कादंबरीत इन्स्पेक्टर अश्विन चोप्रा निवृत्त होतो, त्याच दिवशी एका नातेवाइकाने पाठवलेले हत्तीचे पिल्लू त्याच्या दारात येऊन उभे राहते. त्याचे नाव गणेशा.