सुट्या कागदांवर नोट्स काढताय? मागच्या बाजूचा समास बघा

आठवी ते बारावीची बरीच मुलं वहीऐवजी सुट्या ए-फोर कागदांवर नोट्स काढतात आणि धडे संपले की गठ्ठा आमच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बांधणीला आणतात. पद्धत चांगलीच आहे. बुडालेला तास नंतर लिहून मधे घालता येतो. फक्त यातले बरेच गठ्ठे असे असतात, की भोकं पाडली तर अक्षरं जातील.

चूक एकच. छापील समास कागदाच्या डाव्या हाताला असतो. पुढच्या बाजूला ते बरोबर, बांधणी तिकडेच येते. कागद उलटला की बांधणीची कड उजवीकडे जाते. मुलं मात्र परत डावीकडे जागा सोडतात आणि उजव्या कडेपर्यंत लिहीत जातात. भोकं कडेपासून जवळपास १ सेंटिमीटर जागा खातात, वर तार. म्हणजे मागच्या पानावर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गेला. ‘पंच थोडा सरकवून मारा ना,’ असं सांगितलं जातं. पण एकच भोक दोन्ही बाजूंना पडतं, सरकवणार कुठे? ९० टक्क्यांवर झेरॉक्स काढली तर रुंदीत २.१ सेंटिमीटर सुटतात, पण अक्षर बारीक होतं आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे. म्हणून आम्ही गठ्ठा आधी चाळतो आणि समास नसेल तर तसाच परत देतो. एक फेरी फुकट जाते हे खरं, पण पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

पाठपोट लिहायचं तर पान असं आखा. पुढच्या बाजूला डावीकडे २.५ सेंटिमीटर कोरे, मग ५ सेंटिमीटरचा अरुंद रकाना, उरलेले १३.५ लिहायला. मागे अरुंद रकाना डाव्या कडेलाच, कोरी पट्टी उजवीकडे. खाली दोन्हीकडे ५ सेंटिमीटर सोडा.

हा अरुंद रकाना आमच्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात ही मांडणी रुजवली. तासाला फक्त रुंद रकान्यात लिहायचं, अरुंद रकाना कोरा. त्याच संध्याकाळी त्यात प्रश्न लिहायचे आणि खालच्या जागेत दोन ओळींत सार. परीक्षेच्या वेळी रुंद भाग झाकून प्रश्नांची उत्तरं द्यायची. हा रकाना भरला नाही, तर एवढी आखणी करून उपयोग नाही.

सरांचं प्रत्येक वाक्य उतरवू नका. व्याख्या पुस्तकात असते; फळ्यावरचं उदाहरण आणि सरांनी दोनदा बजावलेलं तिथे असेलच असं नाही. भिंगाची शक्ती शिकवताना रुंद रकान्यात एवढं पुरे: ‘शक्ती = १ ÷ नाभीय अंतर, अंतर मीटरमध्येच. ५० सेंमी → ०.५ मी → २ डायॉप्टर.’ शेजारी संध्याकाळी प्रश्न: ‘५० तसेच ठेवले तर उत्तर किती चुकेल?’ ०.०२ येतं, शंभरपट कमी. पेपरात गुण जातात ते इथेच.

झेरॉक्स काढायची असेल तर पिवळा हायलायटर काळ्या-पांढऱ्या प्रतीत जवळजवळ दिसत नाही, त्याऐवजी पेनाने अधोरेखित करा. फिकट पेन्सिलही नीट उठत नाही. पिना काढून आणा.

आणि कूलर! त्याच्यासमोर ठेवलेले कागद उडतात ते वेगळंच, दमट हवेने नरमतातही. मग झेरॉक्स मशीन दोन-दोन कागद एकदम ओढतं आणि मधलंच पान राहून जातं. गठ्ठा प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवा आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात विषय, तारीख, पान क्रमांक घाला. क्रमांक नसलेले १२० कागद खाली पडले, तर ते लावायला आमच्याकडे माणूस नाही.

आखायचा कंटाळा असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजू आखलेले ७० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचे) कागद दुकानात मिळतात. त्यांवर जेल पेनाने लिहिलंत, तर उलटण्याआधी थोडं वाळू द्या. स्पायरल त्याच दिवशी हवं असेल, तर गठ्ठा दुपारपर्यंत आणा. दहावी-बारावीच्या परीक्षेआधीच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी.