आर्थर रोडमधून एक वही बाहेर काढायची होती

कैद्याची पत्रं अडवली, कोर्टाचे कागद हातात पडू दिले नाहीत, असल्या केसेस अमेरिकेत ढिगाने होतात म्हणून आपल्याला वाटतं हे सगळं तिकडचंच, पण आपल्याकडची याची मूळ केस मुंबईच्या आर्थर रोड जेलची आहे आणि भांडण चक्क एका मराठी पुस्तकावरून झालं होतं.

प्रभाकर संझगिरी, कम्युनिस्ट कार्यकर्ते, चीन युद्धाच्या वेळच्या भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध, म्हणजे खटला न चालवता कैदेत. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, तेही सरकारची परवानगी घेऊन. सप्टेंबर १९६४ मध्ये लिहून झालं, मग छापायला बाहेर पाठवू द्या असा अर्ज केला तर मार्च १९६५ मध्ये सरकारचं उत्तर, नाही. जेल सुपरिटेंडेंटला विचारलं, तिथेही नाही. म्हणजे लिहायला हरकत नव्हती, वही गेटबाहेर जायला होती! (मंडालेत टिळकांनी पेन्सिलीने लिहिलेलं गीतारहस्य सुटकेनंतर त्यांना परत मिळालं होतं, पण ते इंग्रजांचं राज्य होतं.)

मग संझगिरी हायकोर्टात गेले. कोर्टाने पुस्तकाची अनुक्रमणिका चाळली, यात देशाच्या संरक्षणाला धोका वगैरे काही नाही म्हणाले. सरकार तरी गप्प बसलं नाही, थेट सुप्रीम कोर्टात गेलं. तिथला युक्तिवाद आपल्या ओळखीचाच, कुठल्याही सरकारी खिडकीवर ऐकू येतो तसा: स्थानबद्धांच्या नियमांत पुस्तक लिहून पाठवायची सवलत कुठे लिहिलीय? नाही ना, मग नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये न्या. सुब्बाराव यांनी हे उलटं करून दाखवलं. नियमांत लिहिलंय ते कैद्याला दिलेलं बक्षीस नाही, त्याच्या स्वातंत्र्यावर सरकार किती बंधन घालू शकतं त्याची ती हद्द आहे, आणि मनाई लिहिलेली नसेल तर जेलला ती मनाने घालता येत नाही. आणीबाणी आहे, मूलभूत हक्कांसाठी कोर्टात येताच येत नाही (ही ६२ ची आणीबाणी, ७५ ची नव्हे), हा सरकारचा मुद्दाही चालला नाही. नियमाबाहेरचं बंधन असेल तर कोर्टाचं दार उघडं.

आता कागद बाहेरून आत येण्याची गोष्ट. १९७८ ची केस, आरोपी होस्कोट, जेल येरवडा. हायकोर्टाने १९७३ मध्ये आरोपीची शिक्षा एका दिवसावरून तीन वर्षांवर नेली आणि निकालाची फुकट प्रत जेलकडे पाठवली. सुप्रीम कोर्टात अर्ज आला चार वर्षांहून जास्त उशिरा, का तर आरोपी म्हणतो मला प्रत मिळालीच नाही. जेल म्हणतं, दिली होती, मग राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. पोच? नाही. सही? कुठेच नाही. म्हणजे एका क्लार्कच्या टेबलावर अपिलाचा हक्क विरघळून गेला असं धरायला जागा होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की निकालाची प्रत कैद्याला वेळेत आणि फुकट द्यायची, लेखी पोच घ्यायची, वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे. त्या माणसाचा स्वतःचा अर्ज मात्र फेटाळला गेला.

पुढच्याच वर्षी तिहारमधून फाशीचा कैदी सुनील बत्रा याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र पाठवलं, दुसऱ्या एका कैद्याला पैशासाठी हेड वॉर्डरने छळलंय म्हणून. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, वकील नाही, स्टँप पेपर नाही. तक्रारपेट्या ठेवायचा आदेशही त्यातलाच.

आणि २०२२ मध्ये तळोजा जेलने एल्गार परिषद प्रकरणात कैदेत असलेल्या गौतम नवलखांसाठी आलेलं पी. जी. वुडहाऊसचं विनोदी पुस्तक सुरक्षेचं कारण देऊन परत पाठवलं, मुंबई हायकोर्टाला ते हास्यास्पद वाटलं. संझगिरींच्या निकालाला तेव्हा सत्तावन्नावं वर्ष चालू होतं.