इंग्लंडमधल्या दुकानाचं, रेस्टॉरंटचं पाणी दुसऱ्या कंपनीकडून घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

इंग्लंडमध्ये रेस्टॉरंट चालवायला घेतलं की वीज कोणाकडून घ्यायची याची चौकशी सगळे करतात. पाण्याचीही कंपनी निवडता येते, हे मात्र अनेकांच्या गावी नसतं. स्कॉटलंडमध्ये ही मुभा 2008 पासून आहे, इंग्लंडमध्ये 1 एप्रिल 2017 पासून. घरगुती ग्राहकांना ती अजूनही नाही.

कंपनी बदलली तरी नळाला तेच पाणी येतं. जलवाहिन्या आणि शुद्धीकरण त्या भागातल्या घाऊक कंपनीकडेच राहतं, उदाहरणार्थ लंडनच्या बऱ्याच भागात थेम्स वॉटर. कॅसल वॉटर, वेव्ह, बिझनेस स्ट्रीम यांसारख्या किरकोळ कंपन्या मीटर वाचतात, बिल पाठवतात, तक्रारी घेतात. बिलातला मोठा वाटा घाऊक दराचाच असतो. तेव्हा ‘निम्मं बिल वाचवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाचा फोन खुशाल ठेवून द्या.

पात्रता ठरते ती जागेच्या मुख्य वापरावरून. दुकान, कॅफे, कारखाना, ऑफिस चालतं; घरातल्या एका खोलीत लॅपटॉप घेऊन धंदा करणाऱ्यांना मात्र घरगुतीच धरतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दोन्हीला एकच जोडणी असेल, तर आधी विचारून घ्या. वेल्समधल्या कंपन्यांच्या क्षेत्रात वर्षाला 50 दशलक्ष लिटरपेक्षा जास्त वापर लागतो, म्हणजे छोट्या हॉटेलांनी तो नादच सोडावा. आणखी एक अट भाडेकरूंना नडते: बिल तुमच्या नावावर हवं. घरमालक पाण्याचे पैसे भाड्यासोबत घेत असेल, तर निर्णय त्याचा.

कागदपत्रांचं म्हणाल तर फार काही लागत नाही. अलीकडचं बिल, मीटरचा क्रमांक, व्यवसायाचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता. नाव करारनाम्यात जसं आहे तसंच लिहा. बिलावर ‘एसपीआयडी’ म्हणजे जोडणीचा ओळख क्रमांक शोधा: दहा आकडे, मग एक अक्षर, मग दोन आकडे. अक्षर डब्ल्यू असेल तर पाण्याचा, एस असेल तर सांडपाण्याचा. दोन्ही सेवा हलवायच्या असतील तर दोन्ही क्रमांक द्या. दलालामार्फत जाणार असाल तर त्याला अधिकारपत्र द्यावं लागतं. त्यात मुदत घाला, कोरं सही करून देऊ नका.

पुढचं काम नवी कंपनी करते. दर लेखी मागवा, तिच्याकडे ऑफवॉट या नियामकाचा परवाना आहे ना ते पाहा, करारावर सही करा. जुन्या कंपनीची थकबाकी असेल तर ती बदलाला हरकत घेऊ शकते, म्हणून आधी हिशेब मिटवा. बदलाच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा, आकडे नीट दिसतील असा. नाहीतर अंदाजे रीडिंगवरून शेवटचं बिल येतं आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

बेकरी, रोपवाटिका अशा धंद्यांनी नव्या कंपनीला एक जरूर विचारावं: सांडपाण्याचा आकार किती टक्के पाण्यावर लावताय? मीटरमधून गेलेलं बहुतेक पाणी गटारात परत जातं, असं गृहीत धरलेलं असतं. तुमचं पाणी पिठात किंवा कुंड्यांत मुरत असेल तर सवलतीचा अर्ज करता येतो. कंपनी बदलण्यापेक्षा यातच कधीकधी जास्त पैसे वाचतात, आणि त्यासाठी कंपनी बदलावी लागतेच असंही नाही.

तक्रार आधी किरकोळ कंपनीकडेच लेखी करायची. तिथे दाद लागली नाही तर कन्झ्युमर काउन्सिल फॉर वॉटर ही संस्था फुकट मदत करते.