टाकीत जन्मलेला पिवळा टँग: पार्श्वभूमी

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांच्या गप्पांत एक विषय हटकून निघतो: कोणता मासा हॅचरीत, म्हणजे अंड्यांपासून मासे वाढवण्याच्या केंद्रात, जन्मलेला मिळाला तर लगेच घ्याल? नावे ठरलेली असतात. अॅकिलीस टँग, पावडर ब्लू, मूरिश आयडॉल, कॉपरबँड आणि इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रास. दहा-बारा वर्षांपूर्वी या यादीच्या डोक्यावर पिवळा टँग हा हवाईच्या प्रवाळांवरचा मासा असायचा. आता तो यादीत नाही, कारण तो खरोखरच मिळू लागला आहे. इच्छेच्या यादीतून दुकानाच्या काचेपर्यंतचा हा प्रवास प्रयोगशाळेने जितका घडवला, तितकाच एका न्यायालयीन निकालाने घडवला. निकालाची बाजू बहुतेकदा सांगायची राहून जाते.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. सागरी शोभिवंत माशांचा विमानमार्गे व्यापार दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला आणि जवळजवळ सगळा माल प्रवाळांवरून पकडलेला असे. फिलिपाइन्समध्ये 1960च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची पद्धत पसरली. 1970च्या दशकात अमेरिकेत क्लाउनफिशची व्यापारी पैदास सुरू झाली आणि बाकीचे मासेही लवकरच मागोमाग येतील असे अनेकांना वाटले. ते आले नाहीत.

क्लाउनफिशचे सगळेच सोयीचे आहे. मादी दगडाला चिकटवून अंडी घालते, नर त्यांना वारा घालत राखण करतो. आठवडाभराने निघणारे पिल्लू पहिल्याच दिवशी रोटिफर हा सूक्ष्म पाणजीव गिळू शकते आणि साधारण दहा-बारा दिवसांत त्याच्या अंगावर पट्टे उमटू लागतात. टँगचे याच्या अगदी उलटे. संध्याकाळच्या संधिप्रकाशात जोड्या वरच्या दिशेने झेपावतात आणि अंडी पाण्यात मोकळी सोडतात. जेमतेम पाऊण मिलिमीटरचे, तरंगणारे अंडे सुमारे एका दिवसात फुटते. बाहेर येणाऱ्या जिवाला तोंड नसते, कामाचे डोळे नसतात. तिसऱ्या दिवशी तोंड उघडते, आणि तेव्हा समोर योग्य मापाचा घास नसेल तर सगळी टाकी एका रात्रीत रिकामी होते. लहानातला लहान रोटिफरही एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास भरतो. टँगच्या पिल्लाला त्याच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य लागते, आणि ते म्हणजे काही ठरावीक कोपेपॉडांची, म्हणजे अगदी बारीक कवचधारी पाणजीवांची, नुकती जन्मलेली पिल्ले. हे कोपेपॉड बाटलीभर वाढवणे जमते. रोज लाखोंनी, न चुकता वाढवणे ही वेगळीच विद्या आहे. त्यातून लार्वा अवस्था, म्हणजे अंड्यातून निघाल्यानंतरची तरंगती अवस्था, पन्नास दिवसांच्या पुढे चालते. इतके दिवस पाणी, प्रकाश, प्रवाह आणि घास यांतले काहीही बिघडून चालत नाही.

2015 साली हवाईतल्या एका संशोधन केंद्राने पिवळ्या टँगची पिल्ले ही सगळी वाट चालवून पिवळी केली. पुढच्याच वर्षी, जुलै 2016 मध्ये, फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने निळा टँग वाढवल्याचे जाहीर केले. तेव्हा हाती आलेली पिल्ले होती 27. त्या बातम्या वाचताना झालेला आनंद मला अजून आठवतो. आता वर्षभरात दुकानांत दिसतील, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. फारसे दिसले नाहीत. 2016 आणि 2017 मध्ये बाजारात येणारा पिवळा टँग जवळजवळ सगळा पूर्वीसारखाच समुद्रातला होता.

कारण साधे होते. हवाईच्या मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कोना भागात, एक अनुभवी पाणबुड्या बारीक जाळ्याने एका बुडीत जितकी पिल्ले गोळा करी, तितकी तयार करायला हॅचरीला दोन महिने आणि पूर्ण वेळ माणसे लागत. पश्चिम हवाईच्या पकडीत पाचापैकी चार मासे पिवळे टँग असत. तो मासा इतक्या स्वस्तात मिळत असताना टाकीत जन्मलेल्यासाठी कितीतरी पट मोजायला फार थोडे तयार होते. हव्याहव्याशा माशांच्या याद्या लिहिणारे आम्हीही त्यात होतो.

मग सप्टेंबर 2017 मध्ये हवाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रश्न तांत्रिक होता: बारीक जाळ्याने शोभिवंत मासे पकडण्याचा परवाना देण्याआधी राज्याच्या पर्यावरण कायद्यानुसार परिणामांचा अभ्यास हवा की नको? न्यायालयाने हवा असे सांगितले. त्यानंतर परवाने रद्द झाले आणि 2018च्या सुरुवातीपासून पश्चिम हवाईतली व्यापारी पकड थांबली. राज्यात अन्यत्र बारीक जाळे न वापरता साध्या व्यापारी परवान्यावर मासे पकडण्याची पळवाट काही काळ चालली, तीही 2021 मध्ये बंद झाली.

निकालाविषयी दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते. पकडणाऱ्यांचे म्हणणे असे की कोना हा जगातल्या सर्वांत नीट राखलेल्या शोभिवंत मत्स्यक्षेत्रांपैकी एक होता. ते पोकळ नाही. 1998च्या कायद्यानंतर तिथल्या किनाऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पकडीला बंद झाला होता, पुढे परवानगी असलेल्या 40 जातींची यादी आली, आणि बंद पट्ट्यांत पिवळे टँग वाढल्याचे राज्याच्याच मोजणीत दिसले होते. शिवाय पकड मुख्यतः लहान पिल्लांची होती. अंडी घालणाऱ्या, चाळीस वर्षे जगू शकणाऱ्या मोठ्या माशांना धक्का लागत नव्हता. विरोधकांत स्थानिक हवाईयन कुटुंबे होती. त्यांचा मुद्दा आकड्यांपलीकडचा होता: आमच्या किनाऱ्याचे मासे परदेशातल्या दिवाणखान्यांसाठी का जावेत? परिणाम-अभ्यास सादर झाला तो 2020 मध्ये नाकारला गेला, आणि सुधारलेल्या अहवालावर 2021 मध्ये संबंधित मंडळाची मते समसमान फुटली. मला दोन्ही बाजू समजतात. पण पैदास करणाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पकड थांबली, समुद्रातल्या माशाचा भाव कित्येक पटींनी चढला, आणि मगच हॅचरीच्या माशाचा भाव ग्राहकाला परवडण्यासारखा वाटू लागला. हवाई आणि पलाऊ इथे काम करणाऱ्या एका उत्पादकाने ही पिल्ले नियमित विकायला सुरुवात केली ती याच काळात. विद्या 2015ची, बाजार 2018नंतरचा.

आता ज्या शब्दावर सगळ्यात जास्त वाद होतात त्याकडे. कॅप्टिव्ह-ब्रेड म्हणजे नेमके काय?

मराठीत हा गुंता एका पायरीने जास्तच आहे, कारण ‘संवर्धन’ हा आपला शब्द दोन वेगळी कामे करतो. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतात ते कासवसंवर्धन. पालघरच्या खाडीकाठच्या तळ्यांत चालते ते कोळंबीसंवर्धन. पहिल्यात आहे ते जपायचे, दुसऱ्यात वाढवून विकायचे. त्यामुळे ‘शोभिवंत सागरी माशांचे संवर्धन’ असा मथळा वाचला की बातमी प्रवाळावरचे मासे वाचवण्याची आहे की टाकीत मासे वाढवण्याच्या व्यवसायाची, हे आत वाचेपर्यंत कळत नाही. कधी कधी लिहिणाऱ्यालाही कळलेले नसते, आणि व्यवसायाला आपोआप पुण्याचा लेप लागतो. म्हणून मी इथे सरळ ‘पैदास’ म्हणतो. गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीत जिरे आणि बोटुकली असे टप्पे स्पष्ट नावांनी ओळखतात आणि बीज कुठून आले हे शेतकरी आधी विचारतो. सागरी शोभिवंत माशांत नेमका तोच प्रश्न विचारायचा राहतो.

दुकानातल्या ‘कॅप्टिव्ह-ब्रेड’ या पाटीमागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, पूर्ण पैदास: जोडी टाकीत, अंडी टाकीत, लार्वाचे ते जीवघेणे पन्नास दिवसही टाकीत. दुसरी, प्रवाळाच्या काठावर रात्री दिव्याच्या सापळ्यात किंवा जाळ्यात आलेला, लार्वा अवस्था जवळजवळ संपवलेला जीव पकडून टाकीत वाढवायचा. फ्रेंच पॉलिनेशियात ही पद्धत चांगली रुजली. तिच्या बाजूने खरे बळ आहे: प्रवाळावर उतरणाऱ्या या पिल्लांतली बरीचशी पहिल्या काही दिवसांतच भक्ष्य होतात, तेव्हा थोडी उचलल्याने प्रवाळाचे फार बिघडत नाही. पण हा मासा टाकीत वाढलेला आहे, जन्मलेला नाही. कठीण टप्पा समुद्राने पार पाडला आहे. तिसरी, सरळ पकडलेले लहान पिल्लू महिनाभर ठेवून, गोळी-खाद्य खायला शिकवून ‘टँक’ने सुरू होणारे काहीतरी नाव देऊन विकणे. ही तिसरी गोष्ट पहिल्या नावाने विकली जाते तेव्हा प्रामाणिक हॅचरीवाल्याचे सगळ्यात जास्त नुकसान होते. त्याचा साठ दिवसांचा खर्च आणि दुसऱ्याचा महिनाभराचा खर्च एकाच पाटीखाली येतो.

पुढचा पेच आई-बापांचा. पिवळ्या टँगचे प्रजनक मासे समुद्रातूनच आणलेले. मग त्यांची पिल्ले बंदिस्त पैदाशीची म्हणायची का? संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार याबाबत कडक आहे. पहिल्या पिढीला वेगळे संकेताक्षर, आणि दुसरी पिढीही टाकीत निपजवता येते हे दिसले तरच पूर्ण ‘बंदिस्त पैदास’. समुद्रघोड्यांच्या व्यापाराला हे 2004 पासून लागू आहे. पिवळा टँग त्या कराराच्या यादीत नाही, त्यामुळे त्याच्याबाबत हा वाद कागदावर न राहता दुकानात आणि गप्पांत चालतो. दुसऱ्या पिढीचा हट्ट मला इथे पटत नाही. हा मासा वयात यायला काही वर्षे घेतो, आणि एकदा आणलेला प्रजनक गट वर्षानुवर्षे अंडी देत राहतो. थोड्या माशांच्या बदल्यात हजारो पिल्ले मिळत असतील, तर पहिल्या पिढीलाही ते नाव खुशाल द्यावे. अट एकच: अंडे टाकीत पडलेले आणि लार्वा टाकीत वाढलेला असावा.

भारतात या शब्दाने एक वेगळीच अडचण केली. क्लाउनफिशच्या पैदाशीचे काम इथे दक्षिणेच्या किनाऱ्यावर आणि लक्षद्वीपमध्ये बरीच वर्षे चालले आहे. पुढे नवी मुंबईत ऐरोलीलाही खाडीकाठच्या केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली, कांदळवनांच्या परिसरातल्या गावांना उत्पन्नाचे एक साधन म्हणून. आणि मे 2017 मध्ये, हवाईच्या निकालाच्या चार महिने आधी, केंद्राने मत्स्यालय-दुकानांसाठी नियम काढले. त्यांत विक्रीला आणि प्रदर्शनाला मनाई केलेल्या 158 जातींची यादी होती. त्या यादीत क्लाउनफिशही होते. ज्या माशाची पैदास आपण स्वतः करत होतो, त्याला समुद्रातून ओरबाडलेल्या माशाच्या रांगेत बसवले गेले. जातीचे नाव लिहिले, जन्माचे ठिकाण लिहिले नाही. व्यापाऱ्यांनी आणि संशोधकांनी हरकती घेतल्या त्या याच मुद्द्यावर, आणि त्या रास्त होत्या.

टाकीत जन्मलेले हवेसे वाटणाऱ्या बाकीच्या माशांची स्थिती सारखी नाही. मँडरिन या रंगीबेरंगी लहान माशाची टाकीतली पिल्ले 2010च्या सुमारास बाजारात आली, आणि तिथे लोकांना भावला तो त्यांचा आहार. समुद्रातला मँडरिन जिवंत कोपेपॉडांवाचून कित्येक टाक्यांत उपाशी मरतो, हॅचरीतला गोठवलेले खाद्य घेतो. क्लीनर रासबद्दलची मागणीही मला तशीच मनापासूनची वाटते. ऑस्ट्रेलियात लिझार्ड बेटाजवळ काही लहान प्रवाळांवरून हा मासा वर्षानुवर्षे दूर ठेवून पाहिला, तेव्हा तिथल्या इतर माशांची संख्या आणि विविधता दोन्ही घटली. घरच्या टाकीत तो अनेकदा खात नाही आणि काही आठवड्यांत जातो. समुद्रात इतका लागणारा आणि टाकीत इतका कमी टिकणारा मासा आजही डझनांनी पिशव्यांत भरून येतो, आणि भावाने तो दुकानातल्या स्वस्त सागरी माशांपैकी एक आहे.